धूर गेल्यावरची सिगडी

धूर गेला की सिगडी आत घ्यायची. घुग्गुस, माजरी, राजुरा, वणी, आमच्या कोळसापट्ट्यातलं कुठलंही घर घ्या, हिवाळ्याचा हा नियम तिथल्या लहान पोरांनाही पाठ असायचा. सिगडी पेटवणाऱ्या बहुतेकांचा त्यावर आजही विश्वास आहे. थंडी परत आली आहे, रात्री नागपुरात गल्लोगल्ली निखारे दिसू लागले आहेत, आणि हा नियम जीवघेणा आहे हे मला आज ठासून सांगायचं आहे.

ज्यांचं बालपण गॅसवर गेलं त्यांच्यासाठी आधी सिगडीबद्दल. जुनी लोखंडी बादली घ्यायची, आतून मातीने जाड लिंपायची, मध्यावर सळ्यांची जाळी बसवायची आणि वारा घ्यायला खाली एक चौकोनी तोंड ठेवायचं. जाळीवर गोवरीचे तुकडे, रॉकेलचा बोळा, चार काटक्या, त्यावर फोडलेला दगडी कोळसा. खाणीत नोकरी असली की घरच्या वापराला कोळसा मिळायचा, तो फोडायचं काम आम्हा पोरांकडे. पेटवल्यावर बराच वेळ दाट, पिवळट धूर निघायचा, म्हणून सिगड्या बाहेर अंगणात ओळीने मांडलेल्या. थंडीत जमिनीलगतची हवा गार नि जड, वरची उबदार, त्यामुळे धुराला वर जायला वाटच नसायची. दिवेलागणीला तो सगळ्या क्वार्टरांवर छपराच्या उंचीला अडकून राहायचा. मग कोळसा लाल व्हायचा, धूर सरायचा, आई फडक्याने कड्या धरून सिगडी आत आणायची. भाकरी तिच्यावरच. जेवणं झाली की सगळे तिच्याभोवती. दार लावलेलं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. ती ऊब मला अजूनही प्रिय आहे.

पण धूर म्हणजे काय? कोळशातून निघालेले, नीट न जळलेले वायू आणि डांबराचे बारीक कण. ते उडून गेले की मागे उरतो तो मुख्यतः कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो. सिगडीच्या पोटात तेवढी हवा नसते. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. लाल निखाऱ्यांवर निळी ज्योत भुरभुरताना तुम्ही पाहिली असेल. हाच वायू तिथे जळत असतो, आणि तो जळतोय तोवर त्यातल्या त्यात बरं. मध्यरात्री आच उतरते, निखाऱ्यांवर राखेची साय धरते, निळी ज्योत विझते. वायू मात्र निघतच राहतो, आता न जळता, थेट खोलीत. घर तेव्हा गाढ झोपेत असतं.

त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, सुस्ती येते. झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बातम्या येतात: बंद खोली, कोपऱ्यात अंगीठी, एकाच कुटुंबातली माणसं. बातमीत पुष्कळदा ‘धुराने गुदमरून’ असं लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांचा मला राग येतो. ते वाचून माणूस निर्धास्त होतो, आमच्या सिगडीला धूर कुठे आहे?

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो. शहराच्या कडेच्या वस्त्यांत हजारो कुटुंबं लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत राहतात. मधोमध लोखंडी चूल, तिचं धुराडं छतातून बाहेर. कोळशाशिवाय तिथे रात्रच निघत नाही. धुराड्याने घरातला धूर गेला, पण शहराची हवा विषारी झाली. १९५२ च्या डिसेंबरात लंडनचंही हेच झालं होतं. पाच दिवसांच्या धुरक्यात सुमारे चार हजार माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज होता, पुढच्या अभ्यासांनी तो बराच वाढवला. उलानबातरने मे २०१९ मध्ये कच्चा कोळसा जाळायला बंदी केली आणि कमी धुराच्या कोळसाविटा दिल्या. हवा सुधारली. पण पहिल्याच थंडीत कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेले लोक दवाखान्यात येऊ लागले, काही दगावलेही. धुराडं असलेल्या चुलींची ही गत. आपल्या सिगडीला तर धुराडंच नाही.

आमच्या इमारतीचे रात्रीचे चौकीदार पत्र्याच्या केबिनमध्ये सिगडी घेऊन बसतात. त्यांना म्हटलं, “भाऊ, दार उघडं ठेवत जा जी.”

“धूर तं नाही ना ताई.”

“धूर नाही म्हणूनच तं भेव वाटते.”

“अन् दार उघडलं तं सिगडी कायले पेटवू?”

त्यांचं बरोबर आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तशा रात्री फाटकावर बसणाऱ्याला ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढं सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही.

तरी ज्यांना सिगडीशिवाय इलाज नाही त्यांनी ती उघड्यावर किंवा ओसरीत शेकावी, आणि झोपताना कोळसा विझवून सिगडी घराबाहेर ठेवावी. खोलीत पाण्याचं भांडं ठेवून उपयोग नाही, हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. सिगडीजवळ बसलेल्यांचं एकदम डोकं दुखू लागलं तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावं आणि मग दवाखाना गाठावा. करोनात घरोघरी आलेल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. या वायूने व्यापलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं आणि आकडा नव्वदीच्या वर दाखवत राहतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून घरी पडून राहायचं नाही.

चौकीदारांसाठी सोसायटीच्या बैठकीत मी हीटरचा विषय मांडला. पाचशे वॅटचा हीटर आठ तास चालला तर चार युनिट वीज जाते. ती वीजही मोठ्या प्रमाणात कोळशाचीच, आणि तिची किंमत चंद्रपूरकर श्वासातून मोजतात, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. पण चार युनिटांवरून कोणी हुज्जत घातली नाही. पुढच्या फाटकावर हीटर लागला आहे. मागच्या फाटकाच्या केबिनमध्ये प्लगच नाही, तिथली वायर ओढायला सोमवारी इलेक्ट्रिशियन येतो आहे.