निबंधाचे गुण कोणाच्या पदरात?

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरीस, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, विद्यार्थी ‘ए लेव्हल’ परीक्षेस बसतात. इंग्रजी साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत पुष्कळदा एखादे विधान दिलेले असते : अमुक नाटकाची नायिका परिस्थितीची बळी आहे, या मताचा परामर्श घ्या. असले उत्तर घोकंपट्टीने साधत नाही. सबब ही कसोटी श्रीमंत-गरीब सर्वांना सारखीच, असा प्रस्थापितांचा दावा असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२०१५ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात परीक्षक पाच गोष्टी पाहतात : सुसंगत युक्तिवाद, लेखकाच्या रचनातंत्राचे विवेचन, कृतीमागील काळ व समाज, अन्य कृतींशी तिचे नाते, आणि भिन्न अन्वयार्थांची दखल. उत्तम उत्तर दिलेले विधान शिरसावंद्य मानीत नाही. ‘बळी’ या शब्दाचीच झडती घेते. ते कथानक सांगत बसत नाही. संहितेतील शब्द पुराव्यादाखल ठेवते, प्रतिपक्षाला बोलू देते आणि मगच निर्णय देते.

ही दैवी प्रतिभा नव्हे, कसब आहे. लिहावे, जाणत्याने दुरुस्त करावे, पुन्हा लिहावे, हाच ते शिकण्याचा मार्ग. एका निबंधाला अर्धा तास धरला, तर आठ विद्यार्थ्यांच्या तुकडीस शिक्षकाचे चार तास लागतात, पंचवीसच्या तुकडीस साडेबारा. हा श्रमकालच येथे भांडवल ठरतो, आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळा तोच विकतात. परीक्षागृहात मात्र त्याचे नाव ‘गुणवत्ता’ असे होते.

२०२० साली हा पडदा फाटला. करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या. ‘ऑफक्वाल’ या नियामक संस्थेने शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणी संगणकीय सूत्रातून काढल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागील निकालांना मोठे वजन होते. १३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा इंग्लंडमधील सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली आल्या होत्या. जेथे विषयाची तुकडी पाच वा त्याहून लहान, तेथे मात्र शिक्षकांचा शब्द प्रमाण मानला गेला. आणि अशा तुकड्या खाजगी शाळांतच अधिक होत्या. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला शासनाला माघार घ्यावी लागली. सूत्र गेले, तुकड्यांतील तफावत मात्र जागच्या जागी राहिली.

यावर काही डावे मित्र म्हणतात, हा निबंधच उच्चवर्गाची चैन आहे. तो काढून टाकावा. निदान बरोबर, औषध घातक! छापील विधानाची उलटतपासणी करण्यास जो शिकला, तोच उद्या मालकाची नोटीस आणि अर्थमंत्र्यांचे भाषणही तपासून वाचील. सरकारी शाळांतून निबंध गेला, तर श्रीमंतांच्या शाळांतून तो जाणार नाही; एवढेच होईल की प्रश्न विचारण्याची विद्या त्यांची मिरास बनेल.

म्हणून मागणी निबंध हटविण्याची नव्हे, तर सार्वजनिक शाळांतील तुकड्या लहान करण्याची आणि निबंध तपासण्याचा वेळ शिक्षकाच्या पगारी कामात मोजण्याची हवी. समतेचा पक्ष कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी सोपी प्रश्नपत्रिका मागत नाही. अवघड प्रश्नाचे उत्तर शिकण्याचा त्यांचा हक्क मागतो.