ओटीची हवा मोजायची, तर यंत्र पारखून घ्या

लातूरच्या अंबाजोगाई रोडवर किंवा नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये चाळीस-पन्नास खाटांच्या रुग्णालयात आज मॉड्युलर ओटी, म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, असते, छतात हेपा फिल्टर असतात आणि फाइलमध्ये ‘क्लास 7’ असं प्रमाणपत्र लावलेलं असतं. गुडघेबदल, मोतीबिंदू, सगळं आता इथंच होतं. ही इथल्या डॉक्टरांची मोठी कमाई आहे. मी या दोन जिल्ह्यांत ओटी आणि औषध कारखान्यांच्या व्हॅलिडेशनची कामं करतो, त्यामुळे ते प्रमाणपत्र उघडून वाचायची मला सवय आहे. आकडे छान असतात. ते कोणत्या यंत्रानं मोजले, त्या यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे मात्र अनेकदा कुठंच नसतं. एका रुग्णालयात तर सलग दोन वर्षांचे रिपोर्ट शेवटच्या अंकापर्यंत सारखे निघाले. हवेचे आकडे असे कधीच जुळत नाहीत. ओटीत पोट उघडून झोपलेल्या माणसाचा जीव त्या कागदावर टांगलेला असतो, म्हणून हा विषय मला फाइलपुरता वाटत नाही.

क्लास 7 म्हणजे काय, ते आधी सांगतो. आयएसओ 14644-1 या मानकाप्रमाणे एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण 3,52,000 च्या वर नकोत, पाच मायक्रॉन आणि त्याहून मोठे 2,930 च्या वर नकोत. हे मोजणारं यंत्र म्हणजे पार्टिकल काउंटर. पंप ठरावीक वेगानं हवा ओढतो, हवा लेझरच्या झोतातून जाते, कण आला की प्रकाश विखुरतो, त्या चमकेवरून कणाचा आकार ठरतो आणि यंत्र मोजत जातं.

बाजारात याच्यासारखंच दिसणारं दुसरं यंत्र आहे. ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळतं, पडद्यावर पीएम 2.5 चा आकडा दाखवतं. ते विकत आणून ओटीत भिंतीवर लावलेलं मी पाहिलं आहे. त्यावर शून्य दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण ते यंत्र कणांचं वजन सांगतं, संख्या नाही. आडतीवर तुरीचं पोतं काट्यावर जातं, दाणे कुणी मोजत नाही. रस्त्यावरच्या धुळीलाही तोच हिशोब लागू आहे. ओटीत मात्र दाणेच मोजायचे असतात. अर्ध्या मायक्रॉनचे साडेतीन लाख कण एकत्र केले तरी मायक्रोग्रॅमचा दहावा भाग भरत नाही. म्हणजे क्लास 7 ची मर्यादा ओलांडलेल्या खोलीतही हे यंत्र शून्य किंवा फार तर एक-दोन दाखवणार. त्या शून्यावर विसंबून चीर देणं धोक्याचं आहे.

उलटी चूकही होते. लातूर 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे शहरात हवा मोजायची हौस वाढली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण ओटीचा काउंटर घेऊन कुणी गंजगोलाईत उभं राहू नये. उघड्या हवेत बारीक कण इतके असतात की एकाच क्षणी दोन-तीन कण झोतात येतात आणि यंत्र त्यांना एकच धरतं. आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, वर आतली काच खराब होते. स्वस्त सेन्सरची अडचण वेगळी. आपल्याकडची मुख्य धूळ जाडी आहे: कच्च्या रस्त्यांची, काळ्या मातीची, सोयाबीनच्या मळणीची, डाळ मिलच्या भुशाची. असे सेन्सर अडीच मायक्रॉनच्या वरचा कण नीट पकडत नाहीत आणि पावसाळ्यात दमट हवेनं फुगलेल्या कणांना जास्त मोजतात. आपल्या देशाचं मानक पीएम 10 साठी 24 तासांना 100 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 साठी 60 आहे. ते पाळलं जातंय का, हे ठरवायला फिल्टर कागद वजन करणारा सॅम्पलर किंवा बीटा किरणांच्या यंत्रासारखं मान्य उपकरणच लागतं. शाळेच्या प्रयोगासाठी स्वस्त सेन्सर जरूर घ्या, निष्कर्षासाठी नको.

आता काउंटर घेताना काय बघायचं? विक्रेता आधी रंगीत पडदा दाखवतो. तुम्ही आधी हवा ओढण्याचा वेग विचारा. हातात मावणारं यंत्र मिनिटाला 2.83 लिटर ओढतं, टेबलावरचं 28.3, मोठं 100. वीस बाय अठरा फुटांची ओटी साडेतेहतीस चौरस मीटर भरते, मानकाप्रमाणे तिथं 9 जागी मोजावं लागतं. क्लास 7 साठी पाच मायक्रॉनचा हिशोब धरला तर प्रत्येक जागी जवळजवळ सात लिटर हवा पुरते. म्हणजे हातातल्या यंत्रानं जागेला तीन मिनिटं, अख्खं काम अर्ध्या तासात. लहान रुग्णालयाला यापेक्षा मोठं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. नांदेड जिल्ह्यातल्या कृष्णूरच्या एमआयडीसीत, औषध कारखान्यात, मात्र गणित बदलतं. निर्जंतुक इंजेक्शन भरण्याच्या जागी एक घनमीटर हवा तपासायची ठरली, तर छोट्या यंत्राला सहा तास लागतील, 28.3 च्या यंत्राला 35 मिनिटं, 100 च्या यंत्राला दहा. औषध कारखान्यांसाठीचं सुधारित शेड्यूल एम 28 डिसेंबर 2023 ला अधिसूचित झालं आहे. तिथं छोट्या यंत्रावर काटकसर करून चालणार नाही.

दुसरी गोष्ट कॅलिब्रेशन. आयएसओ 21501-4 हे त्याचं मानक. ठरावीक आकाराचे लॅटेक्सचे गोळे यंत्रातून सोडतात आणि यंत्र ते बरोबर मोजतं का ते बघतात. नुसतं ‘कॅलिब्रेटेड’ असा स्टिकर पुरेसा नाही. या मानकाचा क्रमांक, यंत्राचा सीरियल नंबर आणि तारीख, तिन्ही हवेत. यंत्र कॅलिब्रेशनला कुठं जाईल, किती आठवडे अडकेल आणि तोवर बदली यंत्र मिळेल का, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. अहमदपूर, लोहा करत धक्के खात फिरलेलं यंत्र आतून हलतं, म्हणून वर्षाचं कॅलिब्रेशन चुकवू नये.

मी ओटीत गेलो की आधी झीरो काउंट घेतो. यंत्राच्या तोंडाला त्याचाच छोटा फिल्टर लावून पाच मिनिटं चालवायचं. एखादा कण आला तर चालेल, जास्त आले तर यंत्र गळतंय किंवा घाण झालंय. पुढचं मोजमाप करू नये. मग रिकाम्या ओटीत मोजतो. त्यानंतर इन्चार्ज सिस्टरना सांगतो, दार एकदा उघडा, दोघींनी आत या, नेहमीसारखं आवरा. आकडा डोळ्यांदेखत काही पटींनी चढतो. ‘आम्ही तर काहीच केलं नाही,’ असं सिस्टर म्हणतात आणि ते खरं असतं. माणूस नुसता हलला तरी त्वचेचे, कपड्यांचे कण लाखांनी सुटतात. दार किती वेळा उघडावं हे सांगायला मला मग भाषण द्यावं लागत नाही. आणखी एक, फॉगिंग केल्या केल्या काउंटर चालू करू नका. थेंबच मोजले जातात आणि लेन्सवर थर बसतो. थर्मल कागदावरचा प्रिंट काही महिन्यांत उडतो, त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

काउंटर जंतू ओळखत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्यासाठी जंतू वाढवून बघायची कल्चर प्लेट ठेवणं थांबवता येत नाही. पण प्लेटचा निकाल यायला दिवस जातात आणि फिल्टरची गळती काउंटर त्याच मिनिटाला दाखवतो.

मोजायचं कधी, यावर माझं ठाम मत आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या सूचनांप्रमाणे ओटीत तासाला हवेचे किमान 20 फेरे लागतात, त्यातले 4 बाहेरच्या ताज्या हवेचे. ती ताजी हवा लातुरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची आणि पुढं तुरीची धूळ घेऊन येते. प्री-फिल्टर चोंदतात, हवेचा जोर उतरतो, आकडा चढतो. जुलैत, पावसानं धूळ बसलेली असताना काढलेलं प्रमाणपत्र जानेवारीच्या ओटीबद्दल काही सांगत नाही. वर्षातून एकदा बाहेरचा माणूस बोलावण्यापेक्षा दर महिन्याला स्वतः मोजलेलं जास्त कामाचं.

प्रत्येक रुग्णालयानं यंत्र घ्यावं असं मी म्हणत नाही, खर्च झेपत नाही हे मला माहीत आहे. चार-पाच रुग्णालयांनी मिळून हातातलं एक यंत्र घ्यावं. आणि नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशनचा विभाग आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचा आहे. जिल्हा नियोजन समितीनं अशा संस्थेला 28.3 लिटरचे दोन काउंटर द्यावेत, एक कॅलिब्रेशनला गेला की दुसरा चालू राहील, आणि वाजवी भाड्यानं दोन्ही जिल्ह्यांतल्या ओटी तपासून घ्याव्यात. मुलांच्या हाताला काम मिळेल, डॉक्टरांना खरा आकडा मिळेल.

तोवर रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: पुढचा रिपोर्ट हातात आला की त्यावर यंत्राचा सीरियल नंबर, कॅलिब्रेशनची तारीख आणि प्रत्येक जागेचा वेगळा आकडा आहे का ते बघा. यातलं एक जरी नसेल तर बिल देऊ नका, तपासणी पुन्हा करून मागा.