कार्थेजची राख

आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९५६ मधल्या ‘द डेड पास्ट’ या कथेतल्या इतिहासकाराला भूतकाळ दाखवणारे यंत्र हवे आहे. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेज नगरीचे लोक पोटची मुले बळी देत नव्हते, हे त्याला सिद्ध करायचे आहे. हा वाद कल्पित नाही. १९२१ पासून तिथल्या उत्खननांत तान्ह्या मुलांच्या जळालेल्या हाडांची मडकी निघाली. ते बळी होते की आजाराने गेलेली बाळे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. यंत्राने निकाल लावला असता, असे कुणी म्हणेल. मूल आधीच गेले होते का, हे दिसले असते, खरे. पण ती आग आईबापांच्या लेखी नवस होती की निरोप, ते शिलालेखांतून आणि काही मडक्यांतल्या कोकरांच्या हाडांतूनच जुळवावे लागते. शिवाय पाहणाराही कोरा नसतो. या इतिहासकाराची स्वतःची लेक आगीत गेली आहे.