वाटाण्याएवढी गोष्ट

राजकारण, क्रिकेट आणि नाट्यसंगीत या विषयांवर नवं मत बनवायला आमच्या डोंबिवलीत आता जागा उरलेली नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाणं येईपर्यंत सगळी मतं मांडून, खोडून, पुन्हा मांडून झालेली असतात. म्हणून मी एक रिकामा विषय हेरला आणि त्यावर माझं मत पक्कं केलं. विषय आहे थर्मल पेस्ट. हसू नका. या पेस्टवरून आमच्या घरात आठ दिवस जे महाभारत झालं, तेवढं आमच्या लग्नातल्या मानपानावरूनही झालं नव्हतं.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात आमचा घरचा कॉम्प्युटर बिघडला. २०१५ साली फेस्टिव्हल ॲडव्हान्स काढून लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला. सुरू व्हायचा, दहा मिनिटं मुकाट्याने काम करायचा, मग आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागायचा. माउस आत्ता हलवावा आणि पडद्यावरचा बाण सवडीने हलावा. शेवटी काळोख. आमची सौ. तीन सोसायट्यांचे हिशोब लिहिते आणि मार्चअखेरचे ताळेबंद ऑडिटरकडे जायचे होते.

"अहो, सिंकिंग फंड तिसऱ्यांदा गेला!" ती आतून ओरडली.

मी बँकेतला कारकून. कुठलाही फंड गेला म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

स्टेशनजवळच्या एका दुकानात डबा घेऊन गेलो. काउंटरवरच्या तरुणाने तो उघडण्याचे कष्टही घेतले नाहीत. पूर्वीचे वैद्य निदान नाडी तरी बघायचे. याने फक्त वय विचारलं. "२०१५ चा? काका, याच्यात आता काही राम नाही. नवीन घ्या. ४८ हजारांत एकदम मस्त बसवून देतो." जन्मसाल ऐकून मृत्यूचा दाखला देणारा हा पहिलाच इसम मी पाहिला. मी डबा काखेत मारला आणि घरी आलो.

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी डबा उघडला. आत धुळीची गादी. ती काढून, पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक उचलला, तर प्रोसेसरच्या झाकणावर दिवाळीनंतर वाटीत राहिलेल्या उटण्यासारखं काहीतरी वाळून भेगाळलेलं. "बाबा, पेस्ट मेलीय," चिरंजीव म्हणाले.

आता ही पेस्ट करते काय, ते मला लोकलच्या भाषेत समजलं. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही दिसायला गुळगुळीत, पण एकमेकांवर ठेवले की मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात आणि त्यांत हवा बसते. हवा म्हणजे उष्णतेच्या वाटेवर दारात उभा राहून कुणालाच उतरू न देणारा प्रवासी. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांब्याला ४०० च्या आसपास गुण, ॲल्युमिनियमला दोनशेच्या वर आणि हवेला ०.०२६. पेस्ट त्या फटींत शिरते आणि हवेला बाहेर काढते. म्हणजे पेस्ट ही चौथ्या सीटवरची बाई. असेल त्या फटीत मावायचं, जास्त जागा मागायची नाही. थर जाड झाला तर मात्र ती स्वतःच अडचण होऊन बसते, कारण चांगल्यातली चांगली पेस्टही तांब्याच्या तुलनेत कितीतरी पटींनी मठ्ठ.

पेस्ट वाळली की उष्णता आतच कोंडते आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःहून हळू काम करायला लागतो. आमच्या भाषेत वर्क टू रूल. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांत यंत्रं आणायची शिफारस केली, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीला यंत्रांची धास्ती वाटली होती. हे यंत्र शेवटी आपल्याच युनियनचं निघणार हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी त्याला हार घातला असता.

इथवर ठीक होतं. पेस्ट कुठली आणायची यावर मात्र घराचे तीन पक्ष झाले.

पहिला पक्ष वरच्या मजल्यावरच्या काकांचा. "टूथपेस्ट लाव रे! फटीच भरायच्यात ना?" काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वाया जाणाऱ्या पैशाचा वास त्यांना दोन मजले वरून येतो. पण टूथपेस्टमध्ये पाणी असतं. चार दिवस ती काम केल्यासारखं दाखवते आणि गरम झाकणावर वाळली की पुन्हा भेगा. असे लोक आमच्या ऑफिसातही आहेत.

दुसरा पक्ष चिरंजीवांचा. त्यांना लिक्विड मेटल हवा होता. हा गॅलियम धातूचा मिश्रधातू, पाऱ्यासारखा वाहणारा, गुणांत पेस्टच्या कितीतरी पुढे. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तोच घातला आहे, हा त्यांचा युक्तिवाद. मी म्हटलं, अरे, त्यांनी तो कारखान्यात, चहूबाजूंनी बंदोबस्त करून घातला. तुझा कारखाना म्हणजे जेवणाचं टेबल. गॅलियम ॲल्युमिनियमला खातो आणि आपला हीटसिंक ॲल्युमिनियमचा. शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब मदरबोर्डवर ओघळला तर त्या दुकानदाराचं भाकीत आपल्याच हाताने खरं होईल.

मग ते नळ्यांवरच्या आकड्यांवर आले. "बाबा, याच्यावर ८.५ आहे आणि याच्यावर १२.५!" किंमत मात्र तिप्पट. वाचकहो, माझं खरं भांडण आहे ते इथे. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. वधूवरसूचक मंडळातल्या उंचीइतकाच त्यांच्यावर विश्वास ठेवावा. तरी ते खरे धरू. मी कॉमर्सचा पदवीधर, पण भागाकार येतो. प्रोसेसर ६५ वॅटचा, झाकण तीन सेंटिमीटर लांब-रुंद, थर ०.०५ मिलिमीटर. चार गुणांच्या पेस्टने त्या थरात पडणारा फरक ०.९ अंश, आठ गुणांच्या पेस्टने ०.४५. म्हणजे गुण दुप्पट करून पदरात पडला अर्धा अंश! प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या मधल्या छोट्याशा भागातून येते, म्हणून हा फरक वाढून दोन-चार अंशांवर जाईल, हे मान्य. पण खोली एक अंशाने गार झाली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच गार होतो. डोंबिवलीच्या मे महिन्यात दोन अंश हवे असतील तर आधी भिंतीला चिकटवलेला डबा पुढे ओढा आणि खिडकी उघडा. ती फुकट आहे.

जो माणूस यंत्राला त्याच्या ठरलेल्या वेगाच्या वर पळवतो, त्याच्यासाठी महाग पेस्ट ठीक. २०१२ मध्ये इंटेलने आयव्ही ब्रिज प्रोसेसरच्या झाकणाखाली डाखाऐवजी पेस्ट भरली, तेव्हा अशा हौशी मंडळींनी झाकणं उचकटून आतली पेस्ट बदलली. पुढे २०१८ मध्ये काही प्रोसेसरांत डाख परत आला. त्यांच्या हट्टाला माझा नमस्कार. पण ज्याच्यावर सोसायटीचा पाणीपट्टीचा हिशोब चालतो, त्या यंत्राला पैलवानाचा खुराक कशाला?

तिसरा पक्ष माझा आणि सौ.चा, म्हणजे तिचा. "वीज न वाहणारी, बऱ्या नावाची, मधल्या भावाची आणा आणि आज बसवा," ती म्हणाली. "पोळीला तूप किती लागतं ते मला विचारा, तूप कुठल्या गावचं ते नंतर."

साडेतीनशे रुपयांची नळी आणली. पन्नास रुपयांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायला केमिस्टकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. जुनी पेस्ट दोन्ही बाजूंनी पुसून काढली, मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, हीटसिंक सरळ खाली टेकवला आणि चारही खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. दाबाने ठिपका आपला आपण पसरतो. बोटाने सारवायला जाऊ नये. सारं मिळून अर्धा तास. दहाव्या मिनिटाला शंभरी गाठणारा प्रोसेसर दुपारभर ६८ वर बसून राहिला. सिंकिंग फंड चौथ्यांदा आला आणि राहिला.

म्हणून माझं मत ऐका. पेस्ट कुठली, हा प्रश्न शेवटचा. आधी उघडून बघा, पुसा, थोडी लावा, नीट दाबा. आणि जो न उघडता "नवीन घ्या" म्हणतो, त्याच्याकडून पेस्टच काय, पावतीसुद्धा घेऊ नका. चार खुंट्या काढण्याचा आपल्याला कंटाळा, म्हणून किती धडधाकट यंत्रं भंगारात जात असतील!

हे सगळं मी त्या रात्री जेवताना घरच्यांना ऐकवलं. चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतलं, पानावरून हात धुतला आणि म्हणाले, "बाबा, म्हणजे आपले ४७,६०० रुपये वाचले."

"वाचलेच!" मी छाती पुढे काढली.

"मग त्यांचं काय आणायचं?"