जबाबदारी कोणाची?

गेल्या महिन्यात पुण्यातल्या आमच्या बैठकीत ठरलेला विषय बाजूलाच राहिला. घरकाम करणारी एक मैत्रीण सायकलवरून येताना कार्यालयाजवळच पडली. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले होते. कोपर सोलून निघाले. स्वतः मोटार चालवणारी एक कार्यकर्ती म्हणाली, "जपून चालवायचं ना!" दुसरी म्हणाली, "संध्याकाळी दिवा नको का?" मीही मान डोलावली.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, सायकलच्या पट्ट्यावर तुमची स्कूटर उभी होती. म्हणून मी रस्त्यावर आले."

मी गप्प झाले. 'तू तिथे गेलीसच कशाला?' असे बाईला विचारू नये, हे शिबिरांत सांगणारी मी! इथे आम्ही वेगळे काय करत होतो?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बाया सायकल शिकल्या. बाजाराला, पाण्याला जायला त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पण पट्ट्यावर आम्हीच वाहने लावली, तर बाईने सायकल चालवायची कुठे?

दिवा हवाच. मात्र जिच्या हाती जड, वेगवान वाहन, तिची जबाबदारी जास्त. मी स्कूटर आता दूर लावते आणि चालत येते.

तुमच्याकडे अशा वादात दोष कोणाच्या पदरी पडतो? जरूर कळवा.