समजलं का?

देवनारमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या खालाजानना गेल्या वर्षी मधुमेहामुळे आठवडाभर इस्पितळात राहावे लागले. घरी सोडताना शिकाऊ डॉक्टरांनी कार्डावर इन्सुलिन लिहून दिले : 20-0-10. समजावलेही आपुलकीने. शेवटी विचारले, "समझ में आया ना, अम्मा?" खालाजान म्हणाल्या, "हाँ बेटा."

तिसऱ्या रात्री त्यांच्या सुनेने आमचे दार वाजवले. खालाजान घामाने चिंब झालेल्या, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. शुद्धीवर होत्या, म्हणून साखरेचे पाणी पाजले आणि रिक्षाने इस्पितळात नेले. अल्लाहच्या कृपेने त्या बचावल्या.

नंतर कार्ड समोर ठेवून विचारले, तेव्हा उलगडा झाला. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या खालाजाननी ते आकडे उर्दूच्या ओळीसारखे उजवीकडून वाचले होते. सकाळी 10 युनिट, रात्री 20!

डॉक्टरांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. वर्गात आम्हीही "समजलं का?" विचारतो आणि सगळी मुले एका सुरात "हो" म्हणतात. एखाद्याला फळ्याजवळ बोलावले की खरे काय ते कळते.

हे डॉक्टरी शिक्षणातही येऊ लागले आहे. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा भाग आहे. अमेरिका आणि कॅनडातील 9 रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना पाळी बदलताना रुग्ण कसा सोपवायचा, हे शिकवले गेले. त्यात एक पायरी अशी, की ऐकणाऱ्या डॉक्टरने सारे आपल्या शब्दांत परत सांगायचे. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : उपचारांतील चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. डॉक्टरने डॉक्टरला सांगताना एवढी खबरदारी लागते, तर घरी निघालेल्या खालाजानना किती लागेल?

म्हणून भावी डॉक्टरांना आमची विनंती : "समजलं का?" ऐवजी विचारा, "अम्मा, उद्या सकाळी किती घ्याल? सिरिंजवर दाखवा बरं." एका मिनिटाचे काम आहे.

आणि भगिनींनो, थोडी जबाबदारी आपलीही आहे. कार्ड हातात आले की घरातल्या एकाने डॉक्टरांसमोर सारे परत बोलून दाखवावे. कोणते औषध बंद, कोणते नवे, काय झाले तर लगेच यायचे, पुन्हा कधी दाखवायचे, हे विचारून घ्यावे. रमजान जवळ असेल तर रोज्यांविषयीही तिथेच विचारावे. इन्सुलिनची वेळ किंवा मात्रा मनाने बदलू नये.

खालाजानच्या कार्डावर आता आम्ही उर्दूत लिहून दिले आहे : सुबह 20, रात 10. तरी अधूनमधून विचारतो. त्या हसून म्हणतात, "उस्तादों के पड़ोस में रहना, रोज़ का इम्तिहान!"