तलवारीची वंशावळ

घराणे जुने निघाले की स्थळाचा भाव वधारतो. विद्येचेही तेच! कोरियातली ‘हेदोंग गुमदो’ ही तलवारविद्याच पाहा ना. ‘हेदोंग’ हे कोरियाचे जुने नाव, ‘गुम’ म्हणजे तलवार आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. इ. स. ६६८ मध्ये लयाला गेलेल्या गोगुर्यो राज्याच्या वीरांपासून ही विद्या चालत आली, अशी तिची कथा सांगतात. कागद मागितला, की मामला १९८२ च्या आसपास येऊन थांबतो! किम जोंग-हो आणि ना हान-इल या दोघांनी तिची घडी बसवली. त्यांतले ना तर पडद्यावरचे नट. पुढे दोघांच्या संस्थाही वेगळ्या झाल्या.

विद्या मात्र पाहण्याजोगी आहे. आधी लाकडी तलवार. चारी बाजूंनी शत्रू आहेत असे मानून एकट्याने ठरलेले हात करायचे. मग खरे पाते येते. उभा बांबू, गवताच्या चटईची गुंडाळी एका वारात तिरकी छाटायची. मेणबत्तीची गंमत और आहे. ज्योतीशेजारी पाते सपकन आणून थांबवायचे. वाऱ्याने ज्योत विझली पाहिजे, पात्याने नव्हे.

मग ही वंशावळ रचायची गरज का पडावी? १९१० ते १९४५ कोरियावर जपानचे राज्य होते. त्या काळात जपानी ‘केंदो’ तिथे रुजला. राज्य गेले, खेळ राहिला. नाव तेवढे ‘कुमदो’ झाले. हातातली तलवार आपली की धन्याची, हा सल ज्याला आहे त्याला जुना पूर्वज हवासा वाटला तर त्याला हसू नये.

पण खरा पूर्वज घरातच आहे. १७९० साली राजा जोंगजोच्या आज्ञेने ‘मुये दोबो थोंगजी’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात शस्त्रविद्येचे चोवीस प्रकार आहेत. ‘बोन्गुक गुम’, म्हणजे स्वदेशी तलवार, त्यात आहे. आणि शेजारीच जपानी तलवारही आहे, जपानी म्हणूनच! किम चे-गोन नावाचा अधिकारी जपानला जाऊन ती शिकून आला, हेही ग्रंथकारांनी नोंदवून ठेवले आहे. जपानने सोळाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या स्वाऱ्या ते विसरले होते असे नाही. तरी त्यांनी शत्रूचे नाव खोडले नाही. त्याच ग्रंथातल्या चित्रांवरून आज कोरियात ‘बोन्गुक गुम’ पुन्हा बसवतात. एका चित्रातून दुसऱ्यात पाय कसा टाकायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.